मेलबर्नला नवीन आलायत? सोमवारी ऑफिसात डिफेंडरवर बोलू नका

घर भाड्याने कसं घ्यायचं, मायकी कार्ड, मुलांची शाळा, तूरडाळ कुठे बरी मिळते, हे सगळं तुम्हाला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दोन दिवसांत इतकं मिळेल की तुम्ही ग्रुप म्यूट कराल. त्यावर मी काही लिहीत नाही. मी लिहितोय फुटीवर, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर, कारण त्यावर आपल्यातलं कोणी काही सांगत नाही आणि मग नवीन आलेला प्रत्येक जण बरोब्बर त्याच खड्ड्यात जाऊन पडतो जिथे मी पडलो होतो.

मी २०११ ला आलो. पहिली बरीच वर्षं माझं ठाम मत होतं की हा काय खेळ आहे का, तोकड्या चड्ड्या घालून लांबट बॉलमागे पळायचं आणि एकमेकांवर पडायचं. आपण क्रिकेटवाले, आपल्याला काय त्याचं. झालं असं की मार्च ते सप्टेंबर लंचला मी गप्प, डब्यातली भाजी बघत बसलेला. इथली माणसं तुम्हाला घरी चहाला बोलवायला चार वर्षं लावतील, पण फुटीवर लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाशीही दहा मिनिटं बोलतील. ते दार तुम्ही आपल्या हाताने बंद केलंत तर मग "गोरे लोक मिसळत नाहीत" म्हणून मंडळात रडू नका.

नियम दोन मिनिटांचे आहेत. मैदानावर एका टीमचे १८. दोन्ही टोकांना चार चार खांब, मधल्या दोघांतून किक गेली की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली की १. किक १५ मीटर तरी गेली आणि कुणी हवेत स्वच्छ पकडली तर तो मार्क, मग त्याला शांतपणे किक मारू द्यायची. लोक मध्येच एका सुरात "बॉऽऽऽल" ओरडतील, तुम्हीपण ओरडा, का ते नंतर कळेल.

एक शब्द मात्र आत्ताच पाठ करा. मी अमुक टीमला सपोर्ट करतो, याला इथे "बॅरॅक" म्हणतात. अमेरिकन सिरीयल बघून "रूट फॉर" म्हणाल तर अख्खं टेबल हसेल, रूटचा इथला अर्थ मी या लेखात लिहू शकत नाही, आई पण वाचते माझे लेख.

क्लब निवडताना मागच्या वर्षीचा विजेता घेऊ नका. ब्रिस्बेनने २०२४ आणि २०२५ लागोपाठ लीग जिंकली आणि आमच्या टार्नीट सबर्बच्या तिघांना, जे आयुष्यात क्वीन्सलंडला गेलेले नाहीत, अचानक ब्रिस्बेनचा पुळका आला. असल्यांना इथे काडीची किंमत नसते. शेजारी ज्या क्लबचा आहे तो घ्या, किंवा मुलाच्या वर्गात ज्याचे स्कार्फ जास्त दिसतात तो. आणि एकदा घेतला की बदलायचा नाही. नोकरी बदला, सबर्ब बदला, क्लब नाही.

आता मूळ मुद्दा. २०२३ चा मार्च, शुक्रवार रात्र, एमसीजीवर कॉलिंगवुड विरुद्ध जीलॉंग. मी तेव्हा नुकताच एक-दोन सीझन बघायला लागलो होतो, फॅन्टसी टीम वगैरे लावली होती, म्हणजे अर्धवट ज्ञान, सगळ्यात वाईट अवस्था. त्या मॅचमध्ये कॉलिंगवुडचा जेरेमी हाऊ उंच उडी मारून खाली पडला तो हातावर, आणि हात असा मोडला की टीव्हीवाल्यांनी रिप्ले दाखवायचं थांबवलं. सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये सगळे त्याच्यावरच बोलत होते. आमचा टीम लीड, पन्नाशीचा, आजोबांपासून कॉलिंगवुडवाले. आणि मी, शहाणा, म्हणालो, संपला की तो आता, बत्तीस वर्षांचा आहे, फॉर्म तसाही कुठे होता, त्याच्या जागी तरुण पोरगा घ्या आणि पुढे चला.

लीड कॉफीत चमचा फिरवत होता तो थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. "राइट-ओ" म्हणाला, चमचा सिंकमध्ये ठेवला आणि गेला.

बस, एवढंच. भांडण नाही, काही नाही, इथे भांडत नाहीत. पण २५ एप्रिलच्या ॲन्झॅक डे (युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन) मॅचचं, कॉलिंगवुड विरुद्ध एसेंडन, त्याच्याकडे एक जास्तीचं तिकीट होतं आणि ते मला देणार असं फेब्रुवारीत बोलणं झालं होतं. ते गेलं हैदराबादच्या एका नवीन पोराला, ज्याला बॉल गोल की लांबट हेसुद्धा माहीत नव्हतं पण तोंड बंद ठेवायची अक्कल होती. ९५ हजारांवर लोक होते त्या दिवशी, मी घरी टीव्हीवर. त्या एका दुपारीतून त्या पोराची आणि लीडची जी गट्टी जमली ती जमली, पुढच्या मोठ्या प्रोजेक्टवर कोण गेलं हे मी सांगायला नको. एका वाक्याची किंमत आहे ही. म्हणून परत सांगतो, दुसऱ्याच्या क्लबच्या डिफेंडरला "संपला" म्हणू नका. आणि जखमी झालेल्याला तर नाहीच नाही. घरचं माणूस घरच्यांनीच बोलायचं असतं, सुनेच्या माहेरच्यांनी नाही.

हाऊ काही महिन्यांनी परत आला. ३० सप्टेंबरला ग्रँड फायनल खेळला, कॉलिंगवुड ९०, ब्रिस्बेन ८६, चार पॉइंटनी कप. सोमवारी लीड माझ्या डेस्कपाशी आला, "थर्टी-थ्री" एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. जूनमध्ये हाऊला तेहतीस पूर्ण झाली होती.

माझी चूक नुसती बोलण्याची नव्हती, मला मुळात बघताच येत नव्हतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, आपल्याला बोर्डावर आकडा लागतो. डिफेंडरचा आकडा फसवा असतो. त्याने वीस वेळा बॉल हाताळला म्हणजे तो चांगला खेळला असं नाही, आणि सात वेळा हाताळला म्हणजे वाईट असंही नाही. समोरचा उंच फॉरवर्ड मार्क घ्यायला उडतो, हा मागून येऊन बॉलला एक गुद्दा मारतो, बॉल जमिनीवर. झालं त्याचं काम. तो गुद्दा म्हणजे स्पॉइल, मी खेळायचो त्या फॅन्टसीत त्याला शून्य मिळायचे. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन कळेल. कोपऱ्यावरच्याने घोटा धरला तर टाळ्या त्याला, पण रेडरची वाट अडवून त्याला त्या कोपऱ्यात ढकलणारा कव्हरवाला कुणाला दिसतो?

आणि हाऊ तर मूळचा डिफेंडर पण नाही. मेलबर्न क्लबकडून तो पुढे खेळायचा, लोकांच्या खांद्यावर गुडघे टेकवून मार्क घ्यायचा, २०१२ चा मार्क ऑफ द इयर त्याचाच. २०१६ ला कॉलिंगवुडला आला आणि कोच बकलीने त्याला मागे नेलं. अशा दोन्हीकडे चालणाऱ्याला स्विंगमॅन म्हणतात, आणि स्विंगमॅनवर वाद संपत नाहीत, कारण टीम हरली की निम्मे म्हणतात त्याला पुढे पाठवा गोल होत नाहीत, निम्मे म्हणतात मागेच ठेवा घर जळतंय. डार्सी मूरचंही तेच. बाप पीटर मूर कॉलिंगवुडचा कॅप्टन आणि ब्राउनलो (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) विजेता, पोरगा फादर-सन नियमाने त्याच क्लबात (हो, असा नियम आहे, बापाने क्लबकडून १०० मॅच खेळल्या असतील तर पोरावर क्लबचा पहिला हक्क, आपल्या सातबाऱ्यासारखं), सुरुवातीला फॉरवर्ड, मग बॅक, मग २०२३ ला कप उचलणारा कॅप्टन. पुढच्याच वर्षी टीम नववी आली, फायनल्स (सीझनच्या शेवटची बाद फेरी) हुकल्या, आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच म्हणायला लागले की मूर हळू झाला, मूर ज्याला अडवतो तो माणूस मोकळा सुटतो.

सुटतो, कधीकधी सुटतोच. पण का सुटतो ते टीव्हीवर दिसत नाही. मैदान दीडशे मीटरच्या वर लांब, कॅमेरा बॉलच्या मागे, त्यामुळे किक येईपर्यंत डिफेंडर फ्रेममध्येच नसतो. तुम्हाला फक्त शेवटचे दोन सेकंद दिसतात, गोल झाला आणि हा शेजारी उभा. मधल्या फळीने बॉल वाऱ्यासारखा येऊ दिला, की हा शेजारच्या माणसाला मदत करायला आपला माणूस सोडून गेला होता, ते कळायला स्टेडियमवर जा आणि गोलच्या मागे, जमेल तितकं वर बसा. एक क्वार्टर बॉल बघूच नका. एकच माणूस धरा. मी एका रविवारी हाऊच्या ३८ नंबरवर नजर ठेवून बसलो होतो, बॉल पार पलीकडच्या टोकाला आणि हा इकडे हात वर करून दोघांना सरकवतोय, एकाला डावीकडे, एकाला मागे, मग स्वतः चार पावलं मागे. बॉल आला तो नेमका त्या मोकळ्या जागेत, जी आता मोकळी नव्हती. बोर्डावर काही नाही, टाळी नाही. शेजारची आजी विणकाम करत होती, सुईवरून मान वर न करता म्हणाली "गुड बॉय". तिला दिसलं होतं.

ऐकताना भाषा पण समजून घ्या. इथे "नॉट बॅड" म्हणजे उत्तम. "बिट क्वाएट" म्हणजे भयंकर खेळला. "ऑनेस्ट" प्लेअर म्हणजे कष्टाळू पण फार काही नाही. "सर्व्हिसेबल" म्हणजे दुसरा कोणी नाही म्हणून घेतलाय. आणि क्लबवाला स्वतः जेव्हा आपल्या डिफेंडरला शिव्या घालतो तेव्हा त्याला तुमची संमती नको असते. मान हलवू नका. "कुणाला अडवत होता तो?" एवढंच विचारा. पुढची वीस मिनिटं तो बोलेल, तुम्ही डबा खा.

बेटिंगच्या ॲपांपासून लांब राहा, टीव्हीवर जाहिराती कितीही येवोत. ऑफिसचं टिपिंग (कोण जिंकेल याचा अंदाज लावायचा खेळ) वेगळं, ते जरूर खेळा, शेवटचे आलात तरी लोक खूश होतात.

स्टेडियमला रिचमंड किंवा जोलिमॉंटला उतरा. शाकाहारी असाल तर तिथल्या मीट-पायच्या नादी लागू नका, घरून पोळीचे रोल न्या, एमसीजीवर खाणं आत नेऊ देतात, काचेचं काही नको. थर्मल घाला, जुलैत गोलमागच्या वरच्या स्टँडमध्ये हाडं गोठतात, आणि पुण्याची थंडी मला माहितेय म्हणणाऱ्यांना मी तिथे कुडकुडताना बघितलंय.

हाऊला पुढे खेळवावं की मागे, असं मला विचाराल तर मागे, शेवटच्या क्वार्टरमध्ये गरज पडली तरच पुढे. पण हे मी इथे मराठीत लिहितोय. ऑफिसात अजून बोललेलो नाही.