कुत्र्याचे दात घासायचेत ना? मग तोंड उघडू नका

गोव्यात फोंड्याच्या बाजूला जनावरांच्या एका छोट्या दवाखान्यात मी गेली अकरा वर्षं काम करतोय. डॉक्टर नाही मी, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा कुत्र्याला धरणारा, नखं कापणारा, कान साफ करणारा, टेबल पुसणारा आणि कुत्र्याआधी मालकालाच चक्कर आली तर खुर्ची पुढे सरकवणारा माणूस म्हणजे मी. सकाळी शटर वर करायच्या आधीच बाहेर दोन-तीन स्कूटर उभ्या असतात, कोणाच्या पायाशी बाजाराच्या पिशवीत मांजर, कोणाच्या कडेवर पोमेरेनियन, आणि आत पाय ठेवताठेवता "हाका कितें जालां पळय रे" (याला काय झालंय बघ रे) सुरू. पावसात गोचीड ताप, चतुर्थीला फटाक्यांनी बिथरलेले, मे महिन्यात उन्हाने धापा टाकणारे, असा आमचा सीझन ठरलेला आहे. तोंडाच्या वासाला मात्र सीझन नाही, तो बारा महिने.

आणि प्रत्येकाचं एकच वाक्य, कुत्राच तो, वास येणारच की. नाही हो. खाऱ्या बांगड्याची बरणी उघडल्यासारखा वास येत असेल तर आत काहीतरी सडतंय. मग घाबरून लोक मोबाईलवर शोधतात आणि तिथे जे सल्ले मिळतात ना, लिंबू-मीठ चोळा, खाण्याचा सोडा लावा, खोबरेल तेल लावा, आपलीच पेस्ट थोडीशी वापरा, ते वाचून डोकं फिरतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

पहिलं काम, नुसतं बघा. दिवसाउजेडी बाल्कनीत बसून ओठ वर करून बघायचं. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, पिल्लाला अठ्ठावीस, ते मोजत बसायची गरज नाही. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसतेय का, दाढेवर पिवळा-तपकिरी दगडासारखा थर आहे का, एखादा दात हलतोय का, एवढंच बघा. छोट्या जातीच्या पिल्लांमध्ये कधीकधी दुधाचा सुळा पडतच नाही आणि नवा सुळा त्याला चिकटून येतो, एकाच्या जागी दोन. सहा-सात महिन्यांनंतरही असं दिसलं तर डॉक्टरला दाखवा, कारण त्या फटीत अन्न अडकत राहतं. डोळ्याच्या खाली सूज असेल तर ब्रशबिश विसरा आणि सरळ दवाखान्यात या. लोकांना वाटतं गांधीलमाशी चावली. बहुतेक वेळा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो, गोळ्यांनी सूज उतरते, मालक खूश, आणि महिन्याभराने तीच सूज परत. दात दुखतोय त्या तोंडात ब्रश घातलात तर कुत्रा चावणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दगड जमलेला असेल तर तो ब्रशने निघत नाही, कितीही घासा. दातावर रोज जो मऊ चिकट थर बसतो तो दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक व्हायला लागतो, ब्रशचं काम तो मऊ आहे तोवरच. म्हणून आठवड्यातून एकदा रविवारी आंघोळीबरोबर दात घासणाऱ्यांना मी सांगतो, नका घासू, निदान कुत्र्याचा रविवार तरी चांगला जाईल. रोज जमलं तर उत्तम, दिवसाआड चालेल, त्याखाली वेळ फुकट.

ब्रश लहान मुलांचा, सगळ्यात मऊ. बोटात घालायचा रबरी ब्रश लोक हौसेने आणतात, मला आवडत नाही. तो जाड असतो, मागे पोचत नाही, आणि चावलं तर आत तुमचं बोटच असतं.

पेस्ट कुत्र्याचीच घ्या. आपल्या पेस्टला फेस येतो, कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं, आणि काही पेस्टींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, जो कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतो, लिव्हरही खराब करू शकतो. याच्यावर चर्चा नाही. कुत्र्याची पेस्ट चिकनच्या चवीची मिळते. नाहीच मिळाली तर नुसता ओला ब्रश वापरा, खरं काम ब्रशचे केसच करतात.

वेळ संध्याकाळची, फिरून आल्यावर आणि जेवणाआधी. कुत्रा दमलेला असतो आणि पुढे जेवण आहे हे त्याला माहीत असतं.

आता खरी गोष्ट.

माझा चिकू. गावठी, तपकिरी, सावईवेऱ्याच्या रस्त्यावर सापडलेला. तेव्हा दवाखान्यात तीन वर्षं काढलेली, शेकडो कुत्रे धरलेले, मला वाटलं घरचा कुत्रा म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम. त्याला दोन पायांत धरला, डाव्या हाताने वरचा जबडा, उजव्याने खालचा, गोळी देताना उघडतो तसं तोंड उघडलं आणि बायकोला म्हटलं घाल ब्रश. पुढचं सांगायलाच नको. माझ्या अंगठ्याला दोन टाके, आणि त्याहून वाईट म्हणजे चिकू पुढे दोन महिने ब्रश दिसला की सोप्यावरच्या बाकाखाली. माझा ब्रशसुद्धा, हां. मी सकाळी तोंड धुवायला निघालो तरी हा बाकाखाली.

चूक धरण्यात नव्हती, तोंड उघडण्यात होती. आपण स्वतः दात घासताना तोंड उघडतो म्हणून कुत्र्याचंही उघडायला जातो. जबडा ताणला की त्याला वाटतं गळ्यात काहीतरी कोंबतायत, तो जीभ मागे घेतो, मान झटकतो, पुढचे पाय वर येतात, आणि मग तुम्ही अजून घट्ट धरता. आणि हे सगळं कशासाठी, तर दातांच्या आतल्या बाजूसाठी, जिथे जीभ दिवसभर फिरत असते आणि घाण तशी कमीच जमते. घाण जमते ती बाहेरच्या बाजूला, गालाकडे, आणि त्यातही वरच्या मागच्या मोठ्या दाढेवर, कारण लाळेची एक मोठी नळी गालात तिच्याच जवळ उघडते. म्हणजे जिथे जायचंय तिथे जायला तोंड बंदच हवं.

करायचं असं. कुत्र्याच्या समोर बसू नका, बाजूला बसा, दोघांचीही तोंडं एकाच दिशेला. समोरून डोळ्यात डोळे घालून हात पुढे आणला की भित्र्या कुत्र्याला ती धमकी वाटते. डावा हात त्याच्या हनुवटीखाली, आधार म्हणून, पकड म्हणून नाही. तो मागे सरकला तर सरकू द्या. मी हे लोकांना दहादहा वेळा सांगतो आणि तरी अकराव्यांदा ते मानेचा पट्टा पकडतात.

पहिले तीन-चार दिवस ब्रश नाहीच. बोटाला पेस्ट लावून चाटू द्या, चाटताचाटता तेच बोट ओठाच्या कोपऱ्यातून आत, गाल आणि दात यांच्या मधे सरकवा. तिथे एक खिसा असतो, मऊ, ओला, बोट आरामात जातं. दात मिटलेले असले की बोट बाहेरच राहतं, चावलं जायची भीती जवळजवळ नाही. मागे जात राहा, एक मोठी टोकदार दाढ लागेल, तिच्या मागच्या दाढा बसक्या. तीच ती. बोटाने दोनदा चोळा, बाहेर या, शाबासकी द्या, जेवण द्या. झालं. पाच सेकंद. इथेच लोक माती खातात, कुत्रा शांत बसलाय म्हटल्यावर दुसरी बाजूही उरकून घेऊया म्हणतात, आणि तो वैतागेपर्यंत चालू ठेवतात. कुत्र्याने तोंड फिरवायच्या आधी तुम्ही थांबलं पाहिजे. त्याने तोंड फिरवलं आणि मग तुम्ही थांबलात तर त्याला कळलं ना, तोंड फिरवलं की सुटका होते.

मग त्याच वाटेने ब्रश. ओठ वर करून दात उघडे पाडायचीही गरज नाही, हे मला फार उशिरा कळलं. ओठ ताणला की नाक सुरकुततं आणि कुत्र्यांच्या भाषेत नाक सुरकुतणं म्हणजे गुरगुरणंच, ते त्यालाही नको असतं. ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश आडवा आत सरकवा, केस वरच्या दिशेला थोडे तिरके, हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेघेवर, आणि छोटे छोटे गोल फिरवत मागून पुढे या. काही दिसत नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. दाढेवर असताना हाताला खरखर कळते, हिरडीवर गेलात की गुळगुळीत. मागून पुढे का, तर पुढचे दात आणि नाकाजवळची जागा नाजूक, तिथून सुरुवात केली की शिंका आणि झटके, आणि मग मागची दाढ रोज राहून जाते. माझं उलट म्हणणं आहे, रोज फक्त दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा आणि सुळे झाले तरी पुरे, बाकीचे दात राहू द्या.

खालच्या दाढा तोंड मिटलेलं असताना वरच्यांच्या मागे लपतात. तिथे दगड तुलनेने कमी होतो, दोनेक महिने गेले की कुत्रा स्वतःच पेस्टसाठी तोंड जरासं सैल सोडतो, तेव्हा बघा. चिकूला सगळं पटायला साधारण दोन आठवडे गेले, आणि हे मी त्याला एकदा बिघडवल्यानंतर. तुमचा कुत्रा अजून बिघडलेला नसेल तर लवकर होईल.

पहिल्या दिवसांत ब्रशला थोडं रक्त दिसलं तर लगेच सोडून देऊ नका, सुजलेल्या हिरडीतून येतं, आठवडाभरात कमी व्हायला हवं. नाही झालं तर डॉक्टर.

याचा एक फायदा मला कोणी सांगितला नव्हता. ब्रश झाल्यावर रोज हिरड्यांवर एक नजर टाकायची सवय लागते. दोन वर्षांपूर्वी जुलैत चिकूच्या हिरड्या किसलेल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या दिसल्या, जेवत होता, शेपटी हलवत होता, बाकी काही नाही. रक्त तपासलं तर गोचीड ताप. लवकर सापडला म्हणून वाचला.

एक गोष्ट कडक शब्दांत. हे सगळं घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्यासाठी आहे. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीजवाले गावोगाव फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करून सोडतात, खूप मोठं काम आहे ते. पण म्हणून वाड्यावरच्या ओळखीच्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायला जाऊ नका, प्रेम कितीही असलं तरी. त्याला पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा पाव घाला आणि घरी या.

आता हाडं. "आमचा हाडं चघळतो, दात आपोआप साफ होतात" असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या कुत्र्यांच्या तुटलेल्या दाढा मी आठवड्याला बघतो. ती मोठी वरची दाढच बहुतेक तुटते, बाजूची कपची निघते आणि आतली नस उघडी पडते. शिजवलेलं हाड तर अजून वाईट, तुकडे टोकदार होतात, आतडं फाडू शकतात. माझा नियम सोपा, अंगठ्याचं नख दाबून खूण पडत नसेल ती वस्तू चघळायला द्यायची नाही. करवंटी नाही, मटणाची नळी नाही. एक लॅब्रॅडोर आमच्याकडे येतो, कंपाउंडाचा चिरा चघळतो तो, त्याचे सुळे आता झिजून पेन्सिलीच्या बोथट टोकासारखे झालेत.

दगड जमलाय असं डॉक्टर म्हणाले तर स्केलिंग, म्हणजे मशीनने दगड काढणं, करून घ्या, पण बेशुद्ध करूनच. "भूल न देता दात साफ करतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. दिसणारा दगड खरवडून दात पांढरे करून देतात, फोटो छान येतो, पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि जागा कुत्रा तिथे कोणाला हात लावू देत नाही. स्केलिंगच्या मशीनमधून सतत पाणी उडतं, बेशुद्ध कुत्र्याच्या श्वासनळीत नळी घातलेली असते म्हणून ते फुफ्फुसात जात नाही. आधी रक्ततपासणी, उपाशी आणायचं, नंतर पॉलिश करतात ना ते विचारून घ्या, कारण खरवडलेल्या दातावर पॉलिश नसेल तर घाण अजून भरभर चिकटते. भुलीची भीती मला समजते, टेबलाच्या या बाजूला उभा असलो तरी चिकूच्या वेळी माझेही हात थंड पडले होते. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या दाढेने जेवणारा कुत्रा तक्रार करत नाही, फक्त एका बाजूने चावतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारा झाला.

मांजरांसाठी पद्धत तीच, ब्रश अजून लहान, आणि पाठीमागून, मांडीत घेऊन. नाही म्हणाली तर नाही. मांजरीशी वाद घालून मी तरी अजून जिंकलेलो नाही.

शेवटी, पेस्टची ट्यूब बाथरूमच्या फळीवर ठेवू नका. श्रावणातला सोमवार होता, वडिलांनी चष्मा न लावता दात घासले आणि बाहेर येऊन म्हणाले, ही नवी पेस्ट बरी आहे रे, कसली आहे? मी अजून सांगितलेलं नाही.