खोकल्याला औषध विचारण्याआधी

"अक्का, खोकल्याला कुठलं औषध घेऊ?" सोलापूरच्या पूर्व भागात आशा म्हणून फिरताना हा प्रश्न रोज कानावर येतो. मी उलट विचारते: किती दिवस झाले? कोणत्या वेळी वाढतो? काम काय करता? औषध डॉक्टर देतील, पण ही उत्तरं तयार ठेवून गेलात तर त्यांना नेमकं कुठं बघायचं ते लगेच कळतं.

आधी दिवस मोजा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, धूळ आणि रात्रीची थंडी अंगावर घेऊन आलं की घरोघरी नाकं गळायला लागतात. घसा खवखवतो, कणकण येते. ही विषाणूंची सर्दी. आठ-दहा दिवसांत उतरते. तिला अँटिबायोटिक लागत नाही, कारण ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. मेडिकलमधून आणलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, विश्रांती पुरते. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. लहानांना उकळत्या भांड्यावर वाकवून वाफ देऊ नका, त्यात मुलं भाजतात. ताप एकदम भडकला आणि अंग मोडून आलं तर फ्लू असू शकतो. गरोदर बाई, म्हातारी माणसं, शुगरवाले यांनी अशा वेळी वाट बघत बसू नये.

खोकल्याला दोन आठवडे झाले की मात्र थुंकी तपासायची. मग ताप असो वा नसो. संध्याकाळची कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. टीबीची तपासणी सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. लोक डबीत लाळ भरून आणतात, त्यातून काही कळत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरा, उघड्या जागी उभे राहा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. टीबी निघाला तर साधारण सहा महिने गोळ्या, त्याही फुकट, आणि आहारासाठी सरकारकडून महिन्याला 1000 रुपये खात्यावर. महिना-दीड महिन्यात बरं वाटायला लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. खरा घात तिथंच होतो, कारण नंतरचा टीबी साध्या औषधांना दाद देईलच असं नाही.

आता वेळ. पहाटे खोकल्याची उबळ येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, धूळ किंवा चटणीसाठी भाजलेल्या मिरचीचा ठसका लागला की वाढतं आणि मधले काही दिवस अगदी बरे जातात, तर दमा असण्याचा संभव मोठा. यात श्वासनळ्या सुजतात आणि आवळतात. मुलीला दमा आहे हे लग्न ठरेपर्यंत लपवणारी घरं मी बघते. तोंडानं ओढायच्या औषधाच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते म्हणून तो पेटीत दडवून ठेवतात. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबतानाच तोंडानं सावकाश आत ओढा आणि जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखा. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा नळकांड्यासारखा डबा, मागून घ्या. मुलांना तो हवाच. नंतर चूळ भरायला विसरू नका. रोजचा म्हणून दिलेला पंप त्रास नसतानाही घ्यायचा असतो.

चाळिशीनंतर सकाळचा कफ, जिना चढताना लागणारी आणि वर्षागणिक वाढत जाणारी धाप हे वेगळं दुखणं, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतं, तसंच आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बायकांनाही. यंत्रात जोरानं फुंकण्याच्या तपासणीत ते कळतं.

कामाचं विचारते ते उगाच नाही. यंत्रमागावरच्या माणसाच्या केसांवर, भुवयांवर बारीक कापूस बसलेला दिसतो. तोच श्वासातून आत जातो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत हलकं वाटतं, हे कापसाच्या धुळीच्या आजाराचं लक्षण. डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. विड्या वळणाऱ्या घरात सूप मांडीवर, तंबाखूचा भुगा हवेत आणि पोर बाजूलाच झोपलेलं. तंबाखू चाळायचं काम दाराबाहेर, नाकाला रुमाल बांधून करा. पोराला दुसऱ्या खोलीत झोपवा. खोली एकच असेल तर निदान वारा येतो त्या बाजूला. फरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

लहान मुलाचा श्वास मात्र प्रत्येक आईला मोजता यायला हवा. पोर शांत असताना आईच्या मांडीवर घ्या, रडत किंवा पीत असताना मोजू नका. सदरा वर करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दाखवा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, बाळांचा श्वास मधेच थांबतो आणि मधेच पळतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पीत नसेल, झटके आले किंवा उठवूनही उठत नसेल, तर आकडा न बघता निघा.

मोठ्या माणसाला बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या मशीनवर 94 च्या खाली दाखवलं तर डॉक्टर गाठा. ओठ निळसर दिसले, एक वाक्य पुरं बोलता येईना, किंवा आकडा 90 च्या खाली गेला तर थेट 108 लावा. मशीन लावण्याआधी बोट चोळून गरम करा आणि नेलपॉलिश पुसा. मेंदीच्या बोटावरही आकडा चुकू शकतो, म्हणून मेंदी नसलेलं बोट बघा.