साताऱ्यात मैत्रिणींचा वीकेंड: आधी तारीख, मग पैसे, मग बाकीचं

मी साताऱ्यातच राहते आणि शाळेतल्या मैत्रिणींना दर पावसाळ्याच्या शेवटी दोन दिवस इकडे बोलावते. पुण्याहून तिघी, कोल्हापूरहून एक, सांगलीहून एक आणि मी. नेटवर सल्ले असतात की आधी जागा ठरवा, थीम ठरवा, एकसारखे टीशर्ट छापा, ते वाचून खरंच डोकं फिरतं. जागा पाच मिनिटांत ठरते हो. सहा बायकांना एकाच तारखेला आपापल्या घरातून बाहेर काढणं हे खरं काम आहे, म्हणून मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

पहिल्या वर्षी मी ग्रुपवर विचारलं, "कास बघायला येणार का गं सगळ्या?" कास म्हणजे साताऱ्याजवळचं फुलांचं पठार. नऊ जणींचे अंगठे आले, हार्ट आले. मी खूश होऊन तीन रूम बुक केल्या, सगळे पैसे माझ्या खात्यातून भरले. गुरुवारी रात्रीपासून फोन सुरू झाले, एकीच्या मुलाला ताप, एकीकडे पाहुणे, एक म्हणाली अगं मी नक्की असं कुठे म्हटलं होतं. शेवटी चौघी आलो आणि दोन रूमचे पैसे बुडाले. पैशांचं दुःख होतंच, पण आलेल्या चौघीही शनिवारभर न आलेल्यांबद्दलच बोलत बसल्या, ते मला जास्त लागलं.

म्हणून आता ग्रुपवर विचारत नाही. अंगठा म्हणजे होकार नव्हे, हे पक्कं डोक्यात ठेवा. प्रत्येकीला वेगळा फोन करायचा, तोही दुपारी, ती एकटी असताना, आणि "येतेस का?" असं विचारायचंच नाही, त्याला सगळ्या हो म्हणतात. "या शनिवार-रविवारी घरी काय काय आहे?" असं विचारायचं. मग मुलाची परीक्षा, नणंदेचं येणं, ऑफिसचं ऑडिट सगळं बाहेर येतं.

आता तारीख कुठली धरायची. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो, सप्टेंबर सगळ्यात भरात. नेमके तेव्हाच गणपती आणि गौरी, आणि पुढे नवरात्र. गौरी जेवायच्या दिवशी घरातली बाई हलू शकत नाही, घट बसले की पुन्हा तेच. मधे उरतो पितृपंधरवडा, आणि माझं स्पष्ट मत आहे की मैत्रिणींच्या ट्रिपला त्यासारखे दिवस नाहीत. लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही, कोणाचं बोलावणं नाही. सासूबाईसुद्धा फार अडवत नाहीत. फक्त प्रत्येकीच्या घरची तिथी आधी विचारून घ्या. आमच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची तिथी एका वर्षी नेमकी शनिवारी आली आणि ते तिच्या लक्षात आलं गुरुवारी, बॅग भरताना, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सहज नजर गेली तेव्हा. फोनवर रडली बिचारी. तेव्हापासून मी माझ्या कॅलेंडरवर सगळ्यांच्या तिथी पेन्सिलीने लिहून ठेवते. सर्वपित्रीचा दिवस सोडूनच द्या, त्या दिवशी बहुतेक घरी पान असतं. अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आले तर पंधरवडा ऑक्टोबरात जातो आणि फुलं ओसरायला लागतात, अशा वर्षी गणपतीच्या आधीचा शनिवार-रविवार धरा.

तारीख ठरली की त्याच दिवशी पैसे. प्रत्येकी २,००० रुपये, तीन दिवसांत, यूपीआयने. ज्यांचे आले त्या येणार, ज्यांचे नाही आले त्यांना प्रेमाने सांगायचं की पुढच्या वर्षी नक्की. हे बोलायला मला खूप जड गेलं होतं, मैत्रिणीकडे काय पैसे मागायचे असं वाटायचं. पण मागा. पैसे भरलेली बाई घरी ठामपणे सांगू शकते की मी पैसे भरलेत, मी जाणार. तिच्या हातात एक कारण आपण देतो, हे मला फार उशिरा कळलं. आणि "मुलीला आणू का?" ला उत्तर एकच, नाही. एकीची लेक आली की बाकीच्या सगळ्या पुन्हा आया होतात.

राहायला साताऱ्यातल्या मैत्रिणीच्या घरी उतरू नका. मी एका वर्षी सगळ्यांना घरी उतरवलं आणि दोन्ही दिवस पोळ्या लाटल्या. लॉज घ्या, पोवई नाक्याच्या आसपास बघा, आणि सातारची मैत्रीणही तिथेच झोपायला येऊ दे, खऱ्या गप्पा रात्रीच होतात.

येताना एसटीने या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि कोणाच्या नवऱ्याला गाडी द्या म्हणून विचारायला लागत नाही. कासला जायला इथलीच सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा, यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं की समोरचं काही दिसत नाही, तिथे सवयीचा माणूस हवा.

कासचं ऑनलाइन बुकिंग आधी करा, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, शनिवारी नऊनंतर रस्ता तुंबतो. जमत असेल तर शुक्रवारची रजा टाका आणि कास शुक्रवारीच उरका. निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या, वर उघडं पठार आहे, आडोसा नाही. छत्री नको, वारा उलटी करतो, रेनकोट घ्या. आणि तिथे गेल्यावर फोटोच्या आधी खाली बसून बघा. जांभ्या दगडावरच्या पातळ ओल्या मातीत सीतेची आसवं नावाची फुलं असतात, निळी-जांभळी, नखाएवढी, आणि मधेमधे गेंदाचे पांढरे गोळे. उभं राहून नुसता रंग दिसतो, फूल दिसत नाही.

दुपारी पिठलं-भाकरी खाऊन झोपा. संध्याकाळी 'चार भिंती' नावाच्या उंचावरच्या ठिकाणी जा, सगळं शहर खाली दिसतं.

रविवारी पुण्याकडच्यांनी जाताना लिंबची बारा मोटांची विहीर बघा, विरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, विहिरीच्या आत महाल आहे. एका बाईने बांधलेली म्हणून आम्ही ती कधी चुकवत नाही. मुक्काम वाढवणाऱ्यांनी सज्जनगड आणि ठोसेघर एकत्र करा, एकाच रस्त्यावर आहेत. कंदी पेढे निघायच्या दिवशीच घ्या, आदल्या रात्री घेतले तर लॉजवरच संपतात.

खर्च एकीनेच लिहायचा, रोजच्या रोज, चहासकट. उरलेले पैसे सोमवारी दुपारच्या आत परत पाठवा, हिशोबाच्या फोटोसकट, अगदी ४० रुपये उरले असले तरी.