हिरड्याच्या रानात शिरण्याआधी

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या आसपासच्या गावांत, गावकऱ्यांच्या जोडीने झाडांचा अभ्यास करायचा ठरवला असेल तर तयारीला दिवाळीनंतर लगेच लागा. काम उन्हाळ्यात असलं तरी एप्रिलपर्यंत थांबू नका. पहिली फेरी रिकाम्या हातांनी करा, वही पिशवीतच राहू द्या. ओट्यावर बसा, चहा घ्या आणि लोकांना झाडांबद्दल काय जाणून घ्यायचं आहे ते ऐका. आपण पाऊस, तापमान, जैवविविधता असे शब्द घेऊन गेलेलो असतो. तिथे विषय निघतो हिरड्याचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून या रानांपर्यंत पोचलं. हंगाम बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांचा होता. वर्षाचा रोख पैसा ज्याच्यावर, तो माल वाऱ्याने झोडपून काढला, झाडंही मोडली. शेतातल्या पिकाच्या पंचनाम्याची वाट ठरलेली असते. रानातल्या हिरड्याच्या भरपाईसाठी मात्र लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. त्यामुळे गावाचा प्रश्न सरळ आहे: आमच्या रानात हिरड्याची झाडं किती, कुणाच्या वाट्याची, आणि एरवी माल किती निघतो, हे लिहून का नाही? अवेळी पावसाने मोहोर आणि फळ पुढे-मागे होतं का, हा आपला प्रश्न. दोन्ही एकाच वहीत बसतात. ती वही कशी असावी हे ठरेपर्यंत पुढच्या तयारीला हात लावू नका.

मग परवानग्या. या गावांचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभेपुढे उभं राहून साध्या मराठीत सांगा की आम्ही कोण, पैसा कुणाचा, काय मोजणार, ते कुठे जाणार. ठराव लेखी घ्या. जिथे वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मान्य झालाय, तिथे रानाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे, हे आपल्या अर्जातही दिसलं पाहिजे. रान भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी लागते आणि तिला वेळ लागतो. फांदी, बी, साल असं काहीही बाहेर नेणार असाल तर ते अर्जात आधीच लिहा. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का, लोक जैवविविधता नोंदवही झाली आहे का, हे विचारा. असेल तर ती आधी वाचा. आणि गावाने एखाद्या औषधाची माहिती सांगितली, पण लिहू नका म्हटलं, तर ती लिहायची नाही. हे पथकातल्या प्रत्येकाकडून निघण्याआधी कबूल करून घ्या.

देवराईसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानासाठी, ग्रामसभेच्या ठरावावर भागत नाही. पुजाऱ्याला आणि जाणत्यांना वेगळं भेटा. चपला कुठे काढायच्या, कोणत्या वारी आत जायचं नाही, बायकांना कुठवर जाता येतं, पडलेलं लाकूड उचललेलं चालतं का, हे प्रत्येक राईगणिक बदलतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून तो शास्त्रीय जगापुढे ठेवला, त्यालाही अशा घरोघरच्या बोलण्याचा आधार होता. पथकातल्या मुलींना एखाद्या राईत प्रवेश नसेल, तर मुलांना एकट्यांना आत पाठवू नका. सगळे मिळून दुसरी राई निवडा. हा माझा आग्रह आहे आणि त्यावर मी अजूनही ठाम आहे.

आता प्रपत्र. इथे घाई केली की सगळा हंगाम वाया जातो, हे मी स्वतः केलंय. पहिल्या वर्षी आमच्या छापील तक्त्यात ‘फळ: आहे / नाही’ असा एकच रकाना होता. सोबतच्या मावशींनी ओंजळीत तीन फळं धरून आमच्यापुढे केली. एक करंगळीच्या पेराएवढं, काळपट, वाळलेलं: बाळहिरडा. दुसरं त्याहून भरलेलं, पिवळसर: चांभारी. तिसरं मोठं, टणक, धारा उमटलेलं: सुरवारी. ‘यातलं कुठलं आहे म्हणायचं तुमच्या कागदावर?’ त्यांनी विचारलं. कोवळं, अर्धवट तयार आणि पूर्ण पिकलेलं अशा तीन अवस्थांना त्यांच्याकडे तीन नावं होती, तिन्हींचा भाव वेगळा होता, म्हणून एकाही माणसाची त्यात गफलत होत नव्हती. फळ कधी धरलं आणि कधी पिकलं हे टिपायला याहून नेमकं माप मला आजवर मिळालेलं नाही. तेव्हा प्रपत्र गावात बसून, गावच्या शब्दांत तयार करा, शास्त्रीय नावं नंतर शेजारी लिहा. तसंच राबाचं. भाताची रोपं टाकायची जागा भाजायला फांद्या तोडतात. अशा झाडाला ‘नुकसान झालेलं’ म्हणून खूण करू नका. ‘राबासाठी तोडलेलं’ असा वेगळा रकाना ठेवा आणि किती वर्षांनी तोडतात तेही विचारा.

सोबत कोण, हे गावाला ठरवू द्या, पण हिरडा गोळा करणाऱ्या बायका आणि गुराखी पथकात असावेत एवढं आग्रहाने मागा. कुठलं उंबर कधी पिकतं आणि शेकरूचं घरटं कुठे आहे हे गुराख्यांना तोंडपाठ असतं. मजुरी ठरवून, रोजच्या रोज द्या. हंगामात अख्खा दिवस मागू नका. त्या दिवसाची कमाई आपल्या मानधनापेक्षा जास्त असू शकते. सकाळी सहा ते नऊ किंवा चारनंतर, असं जुळवून घ्या. अहवालावर त्यांची नावं घालायची की नाही, तेही आत्ताच विचारून ठेवा.

सामान थोडकंच लागतं. कापडी टेप दोन, सुतळी, खडू, शिसपेन्सिली. पेन पहिल्या वळवात फसवतं. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरा. खालून दोन-तीन खोडं फुटली असतील तर प्रत्येकाचा घेर वेगळा लिहा. जुन्या उंबराला बुंध्याशी पाखं, म्हणजे फळ्यांसारखी रुंद मुळं, फुटलेली असतात, तिथे पाखांच्या वर मोजावं लागतं, म्हणून हलकी शिडी किंवा झाडावर चढणारा माणूस हवा. खिळा ठोकून क्रमांक लावू नका, राईत तर मुळीच नाही. फोनवरचं ठिकाण दाट झाडीत काही मीटर इकडेतिकडे सरकतं, म्हणून शेजारी लिहा: ‘झऱ्याच्या वरचं तिसरं, दगडाला टेकलेलं.’ पुढच्या वर्षी झाड सापडतं ते या ओळीने. राई लहान असेल तर झाडन्‌झाड मोजा. रान मोठं असेल तर २० बाय २० मीटरचे चौकोन सुतळीने आखा. ठरवलेल्या काही झाडांची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला बघायला गावातच कोणीतरी हवं. सीझनवॉच या देशभरच्या उपक्रमाची आठवड्याची शिस्त इथे उचलण्यासारखी आहे.

पिशवीत एक कळशी घाला. राईतल्या झऱ्याखाली ती धरून भरायला किती सेकंद लागतात ते मार्चपासून दर पंधरवड्याला लिहायचं, त्याच दिवशी उघड्या माळावरच्या झऱ्याचंही. दोन साधे तापमापक, एक राईच्या सावलीत, एक माळावरच्या सावलीत. आणि मोठ्या झाडांखाली वाकून बघा: अंजनीची, जांभळाची, हिरड्याची रोपं आहेत का? वर भरदार राई आणि खाली गुरांनी खुडलेली मोकळी जमीन असेल, तर पुढच्या पिढीची सोय तिथे झालेली नाही.

रोपवाटिका करायची असेल तर बियांची तयारी झाडागणिक वेगळी. जांभूळ आणि आंब्याची कोय साठवून टिकत नाही, ताजी लागते, म्हणून मे-जूनमध्ये पिशव्या भरलेल्या हव्यात. हिरड्याची आठळी टणक, ती रुजायला वेळ घेते. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं. एवढा मोठा आकडा पाहिला की मला त्या खड्ड्यांत तीन उन्हाळ्यांनी काय उभं राहिलं हे विचारावंसं वाटतं. आपल्या अभ्यासात रोपाची नोंद तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायची, तेवढा प्रवासखर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा.

माळीण आंबेगाव तालुक्यातलंच गाव. ३० जुलै २०१४ ला डोंगर गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. इथे कुणासमोरही ‘झाडं लावली की डोंगर थांबतो’ असं हलकेपणाने बोलू नका. मुळं वरची माती धरून ठेवतात. खोलवर पाणी मुरून सुटलेला उतार त्यांना रोखता येईलच असं नाही. जोराच्या पावसात उतारावरचं काम बंद, हा नियम लिहून ठेवा. बूट, लांब पायमोजे, काठी, आणि सर्पदंशाची लस नेमकी कोणत्या दवाखान्यात मिळते ते आधी फोन करून विचारलेलं.

निघायच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या वहीची प्रत सर्वांत वर ठेवा. पोचल्यावर समाजमंदिरात बसून ती मोठ्याने वाचायची, झाडामागून झाड, मावशींच्या शब्दांत. कुणी म्हणेल, ‘ते तिसरं नाही, चौथं.’ तिथेच पेन्सिलीने दुरुस्त करा, प्रत ग्रामसभेकडे द्या आणि मगच नवी वही उघडा.