उत्तर आयर्लंडमधल्या लॉयलिस्ट गटांचे आपसातले खून कसे मोजावेत

लॉयलिस्ट म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे सशस्त्र गट. आधी या गटांची यादी करा. यूव्हीएफ (अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स) १९६६ची, यूडीए (अल्स्टर डिफेन्स असोसिएशन) १९७१ची, एलव्हीएफ (लॉयलिस्ट व्हॉलंटियर फोर्स) १९९६ची. शेवटची यूव्हीएफमधूनच फुटून निघालेली. यूएफएफ (अल्स्टर फ्रीडम फायटर्स) वेगळी मोजू नका, ते यूडीएनेच खुनांसाठी वापरलेलं नाव. इथे चुकलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मग अल्स्टर विद्यापीठाच्या 'केन' संकेतस्थळावर संशोधक माल्कम सटन यांची या संघर्षातल्या मृत्यूंची नोंदवही उघडा. मारणारी संघटना आणि मृताची ओळख हे दोन रकाने एकमेकांसमोर लावा. दोन्हीकडे लॉयलिस्ट असतील तेवढ्या नोंदी वेगळ्या काढा. पण ही संख्या अंतिम नाही. खबऱ्या ठरवून स्वतःच्याच गटाने मारलेली माणसंही त्यात येतात आणि भांडणात मेलेले सामान्य नागरिक सुटतात. म्हणून प्रत्येक नोंदीचा तपशील वाचावाच लागतो, आणि वेळ जातो तो इथेच. ही वही २००१पर्यंतच आहे. २००५च्या यूव्हीएफ-एलव्हीएफ संघर्षासाठी वर्तमानपत्रं चाळा.

नकाशाशिवाय ऑगस्ट २०००चा, बेलफास्टच्या शँकिल भागातला यूडीए-यूव्हीएफ संघर्ष कळत नाही. लोअर शँकिल यूडीएच्या 'सी कंपनी' या तुकडीकडे, वरचा भाग यूव्हीएफकडे. १९ ऑगस्टच्या यूडीएच्या मिरवणुकीत यूव्हीएफची ऊठबस असलेल्या रेक्स बारसमोर एलव्हीएफचा झेंडा फडकला आणि भडका उडाला. नुसते मृत्यू मोजाल तर घरं सोडावी लागलेली शेकडो कुटुंबं हिशोबात येणारच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा.