कमी पैशांत घरासाठी चांगला अ‍ॅम्प कसा निवडायचा (खोक्यावरचे वॉट न वाचता)

आमच्या गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) महिनाभर आधीपासून मला फोन यायला लागतात. कोणाचा मुलगा बोटीवरून सुट्टीवर येतोय म्हणून हॉलमध्ये काहीतरी बरं लावायचंय, कोणी वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात त्या नीट ऐकायच्यात, पण प्रश्न सगळ्यांचा एकच, "दहा हजार आहेत, किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?" मी विचारतो स्पीकर कुठले आहेत, तर पलीकडे शांतता. मग कळतं की दुकानदाराने नाहीतर मेव्हण्याने आधीच सांगून ठेवलंय, जास्त वॉटचा घे, उरले तर उरले. हा सल्ला ऐकून मी स्वतः पैसे घालवलेत, त्यामुळे आता तो ऐकला की डोकंच फिरतं.

तर पहिलं काम, स्पीकर. घरात नसतील तर आधी ते घ्या आणि बजेटचा मोठा वाटा तिकडे जाऊ दे. आवाजाचा स्वभाव स्पीकर आणि खोली ठरवतात, अ‍ॅम्पने मध्ये लुडबुड करायची नाही एवढंच त्याचं काम.

दुसरं काम, कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. स्पीकरचे ओहम (तो विजेला किती अडवतो त्याचा आकडा), स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (मागच्या पट्टीवर नाहीतर मॅन्युअलमध्ये डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये दिलेली असते), आणि स्पीकरपासून तुमची खुर्ची किती मीटरवर आहे ते. स्पीकरवर छापलेले वॉट लिहूच नका, ते तो किती सहन करतो त्याचे असतात, त्याला किती लागतात त्याचे नव्हेत.

आता हिशोब, हा सोपा आहे. समजा सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८६ डीबी आवाज. तुम्ही ३ मीटरवर बसता, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंतींवरूनही थोडा आवाज परत येतो, तर सगळं धरून खुर्चीत साधारण ८० डीबी मिळतात असं समजा. रात्री जेवण झाल्यावर मी आमच्या मंगेशीचे अभिषेकीबुवा लावतो तेव्हा मोबाईलवरच्या मीटरने मोजलं तर ७० च्या आसपास भरतं, म्हणजे ८६ च्या स्पीकरवर तेव्हा जेमतेम एक दशांश वॉट चाललेला असतो. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५० चा अ‍ॅम्प आणि १०० चा अ‍ॅम्प ह्यांच्यात फरक ३ डीबीचा, तेवढ्यासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात. ३० खरे वॉट असले तर त्याच खुर्चीत ९५ डीबीच्या आसपास जाता येतं, तेवढ्यात शेजारी भांडायला येतील. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० नावाचा अ‍ॅम्प बघा, रेटिंग चॅनेलला (म्हणजे एका बाजूच्या स्पीकरला) फक्त २० वॉट, आणि अजून लोक तो शोधून दुरुस्त करून वापरतात.

पण मी म्हटलं ३० *खरे* वॉट, आणि सगळी गोची तिथेच आहे. मी आपटलो तोही इथेच, म्हणून इथे जरा वेळ काढून वाचा, बाकी सगळं वरवर वाचलंत तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक तळहाताएवढा अ‍ॅम्प मागवला, वर लिहिलेलं १०० अधिक १०० वॉट, किंमत अगदी खिशात बसणारी. भावगीतं झकास वाजली, घरात सगळे खूश. मग चवथीला घुमट (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं आमचं वाद्य) आरतीचं रेकॉर्डिंग लावलं आणि घुमटावर थाप पडली की आवाज टर्रकन फाटायचा. मला वाटलं स्पीकर गेले. ते उघडून बघितले, ठीक होते. मग कोणीतरी सांगितलं वायर चांगली घाल, ती महागाची आणली, काही फरक नाही. स्पीकर ह्या भिंतीवरून त्या भिंतीला नेले, खाली लाकडाच्या पट्ट्या ठेवल्या, असे दोन महिने गेले आणि एके दिवशी प्लग काढताना सहज अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचला तर त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे गुणून ३६ वॉट. टाकीत ३६ लिटर आणि नळाला २०० लिटर येणार म्हणून मी दोन महिने नळच बदलत बसलो होतो!

तर छोट्या अ‍ॅम्पचं, म्हणजे बाहेर अ‍ॅडॅप्टर असलेल्या क्लास डी (हलक्या, कमी तापणाऱ्या जातीच्या) अ‍ॅम्पचं खरं बळ खोक्यावर नसतं, अ‍ॅडॅप्टरवर असतं. हिशोब असा की व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६ ने भागायचा, आलं त्याच्या वर स्वच्छ आवाज मिळणार नाही. १२ व्होल्टचा वर्ग १४४, भागिले १६, उत्तर ९. माझा शंभर वॉटचा अ‍ॅम्प नऊ वॉटचा होता. १९ व्होल्टला साधारण २२ येतात, २४ ला ३६, ३२ ला ६४, आणि ४८ ला १४४. (हे ज्या चिप पूर्ण ब्रिजमध्ये, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवत, चालतात त्यांचं गणित आहे, आजकालचे बहुतेक छोटे स्टिरिओ अ‍ॅम्प तसेच असतात.) ४ ओहमचा स्पीकर असेल तर १६ ऐवजी ८ ने भागा, आकडा दुप्पट होतो, पण मग अ‍ॅडॅप्टर तेवढा करंट देतो का ते बघायचं. २४ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे एकूण १२० वॉट, त्यातला थोडा उष्णतेत जाणार, उरलेला दोन चॅनेलमध्ये वाटायचा, म्हणजे चॅनेलला पन्नासच्या आसपास धरा. गाणं काही सतत फुल नसतं त्यामुळे थोडी सूट मिळते, पण थोडीच.

मी पुढे काय केलं, तर अ‍ॅम्पला २४ व्होल्टपर्यंत चालतं हे आधी वाचून घेतलं आणि जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट ३.४२ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला. घुमट सुधारलं. एक रुपया खर्च नाही. पण मॅक्सिमम व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी बघितल्याशिवाय हा उद्योग करू नका, चिप एका सेकंदात जाते आणि जाताना कळतही नाही.

आणि चिपचं नाव ऐकून भुलू नका. टीपीए ३२५५ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चांगलीच चिप आहे, तिच्या डेटाशीटमध्ये चॅनेलला ३१५ वॉट आहेत, खोटं काहीच नाही. पण ते आहेत ४ ओहमला, ५० च्या वर व्होल्टेज देऊन आणि १० टक्के डिस्टॉर्शनला. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे फाटलेला आवाज, सरळ मराठीत. तीच चिप ३२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर ८ ओहमला चालवली की वर सांगितलेले ६४, आणि ते भरपूर आहेत, मी तक्रार करत नाहीये, फक्त ३०० समजून पैसे देऊ नका. आपल्याकडे रिपेअरवाले लाकडी खोक्यात अ‍ॅम्प बनवून देतात त्यातही हेच. एलए ४४४० घातलेल्या डब्यावर १०० वॉट लिहिलेलं असतं, ती चिप दोन चॅनेलला ६-६ वॉट, ब्रिज केली (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर) तर १९, बस्स.

ज्याच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर आहे असा क्लास एबी (जड, जास्त तापणाऱ्या जुन्या जातीचा) अ‍ॅम्प बघत असाल तर अ‍ॅडॅप्टरचं गणित नाही, तिथे स्पेसिफिकेशनची पूर्ण ओळ वाचायची. प्रामाणिक ओळ कशी दिसते ते यामाहा ए-एस३०१ ची बघा, ६० वॉट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०१९ टक्के डिस्टॉर्शन. नुसतं "१ किलोहर्ट्झला", नुसतं "४ ओहमला", नुसतं "१० टक्क्यांना" लिहिलं असेल तर आकडा फुगवलाय. पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) दिसलं तर ते पान तिथेच बंद करा, त्याला काही मापच नाही, बनवणाऱ्याला त्या दिवशी सुचलं ते. हा आजार आजचा नाही, अमेरिकेत १९७४ साली ह्या फुगवलेल्या वॉटसाठी सरकारी नियम करावा लागला होता. आणि ट्रान्सफॉर्मरवाला १०० वॉटचा अ‍ॅम्प दोन बोटांनी उचलला गेला तर तो परत ठेवा.

दुकानात आणखी एक खेळ चालतो. "बघा सर, नॉब चारातला एक फिरवला तर एवढा आवाज, फुल केला तर घर हलेल." नॉब कुठे आहे त्याचा आणि पॉवर किती शिल्लक आहे त्याचा संबंध नाही. गेन (आत आलेला सिग्नल किती पट वाढवायचा ते) जास्त ठेवला की अर्ध्या नॉबलाच अ‍ॅम्प संपलेला असतो, पुढे फक्त फाटणं. तुमचं गाणं लावायला सांगा, तबला-पखवाज असलेलं, नेहमी ऐकता त्याच्यापेक्षा जरा मोठं.

ओहमचं थोडक्यात. अ‍ॅम्पच्या मागे ६ ते १६ ओहम लिहिलंय आणि तुमचा स्पीकर ४ चा आहे तर तो अ‍ॅम्प तुमचा नाही. ए आणि बी अशा दोन जोड्या लावायची सोय असते तिथे जपून, ८ चे दोन स्पीकर बहुतेक अ‍ॅम्पमध्ये समांतर जोडले जातात आणि अ‍ॅम्पला ४ दिसतात. हॉलमधल्या जोडीबरोबर मी बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) एक जोडी लावली होती, माणसं बाहेर गप्पा मारत बसतात तर तिथेही गाणी हवीत म्हणून, दीड तासात अ‍ॅम्प गरम होऊन बंद. नशीब प्रोटेक्शन होतं. आणि त्या छोट्या क्लास डी अ‍ॅम्पच्या दोन्ही चॅनेलचे काळे टर्मिनल कधी एकत्र जोडू नका, ते ग्राउंड नसतात.

ब्लूटूथ, रिमोट, नाचणाऱ्या सुया, निळा दिवा, हे सगळं शेवटी. टीव्हीवरून ऐकणार असाल तर ऑप्टिकल इनपुट बघा, नाहीतर साधं आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) पुरे.

सेकंडहँड? मी तरी आधी तेच बघतो, कारण दहा हजारांत नवा चांगला एबी मिळणं कठीण आणि जुना मिळतो. पण गोव्यात दोन गोष्टी आधी बघायच्या. एक, मागची व्होल्टेजची पट्टी. आपल्याकडे बोटीवरच्या माणसांनी बाहेरून आणलेले अ‍ॅम्प खूप, त्यातले काही अमेरिकेचे १२० व्होल्टचे, काही जपानचे १०० चे, दिसायला एक नंबर, पण आपल्या २३० ला थेट लावलात तर धूर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचे पैसे आणि त्याची जागा धरून भाव करा. दुसरी, दमट हवा. समुद्राजवळच्या घरात पाचसहा पावसाळे काढलेला अ‍ॅम्प असेल तर आवाज अगदी बारीक ठेवून दहा मिनिटं ऐका. एक बाजू गायब होते आणि आवाज वाढवला की परत येते, असं झालं तर आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट गेलेत, दुरुस्ती होते पण भाव उतरवा. नॉब फिरवताना खरखर असेल तर ते काहीच नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने जातं. स्पीकर न लावता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर धरा, ५० च्या आत असलं तर ठीक, व्होल्टमध्ये काही दिसलं तर तिथून निघा, तो अ‍ॅम्प तुमचे स्पीकर जाळणार. मालक मीटर लावू देत नसेल तरी निघा. झाकण उघडू दिलं तर फुगलेले कपॅसिटर बघा आणि पालीची अंडी. हसू नका, मला दोनदा मिळालीत, एकदा तर अख्खी पाल, सुकलेली, हीटसिंकला चिकटून.

नवा घेत असाल तर परत करायची मुदत किती दिवस ते आधी विचारा आणि ती पूर्ण वापरा. घरी आणला की काही न वाजवता नॉब वर न्या आणि खुर्चीत बसा, तिथे सूं ऐकू आला तर परत. हम (सतत घूं असा आवाज) येत असेल तर लगेच दोष देऊ नका, आधी सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, जुन्या घरात अर्थिंग आहे का तेही बघा. आमच्या हॉलमध्ये लादी आणि वर कौलं, तिथे कुठलाही अ‍ॅम्प लावला तरी आवाज टोचायचा, शेवटी दोन जाड चटया आणि एक पडदा ह्यांनी काम झालं.

शोकेसच्या काचेमागे ठेवू नका, वर वीतभर जागा मोकळी सोडा. स्पीकरच्या वायरींची उघडी तांब्याची टोकं पावसाळ्याआधी एकदा कापून नवी सोला, इथल्या हवेत ती हिरवी-काळी होतात. जून ते सप्टेंबर अ‍ॅम्प रोज तासभर तरी चालू ठेवा, आत सुका राहतो. आणि वीज कडाडायला लागली की प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि टीव्हीची केबल जोडलेली असेल तर तीसुद्धा.