मेडिकलचा नवा, आटोपता अभ्यासक्रम: पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी

आधी दोन वर्षं पायाभूत विषय, मग दोन वर्षं वॉर्ड, ही घडी अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर बसली. आता बऱ्याच कॉलेजांत ती पहिली दोन वर्षं दीड वर्षात, कुठे कुठे तर वर्षभरातच उरकतात. आमच्या बॅचपासून आमच्याकडेही हेच सुरू झालं. सिनियर्सच्या नोट्स हाताशी होत्या, पण त्यांचं अभ्यासाचं वेळापत्रक आम्हाला लागू पडेना.

वर्षं कमी म्हणजे पोर्शन कमी, असं वाटतं. तसं नसतं. खरी कात्री लागते ती उजळणीला. पूर्वी अ‍ॅनाटॉमीत शिकलेलं हृदय पुढे फिजिओलॉजीत भेटायचं, मग पॅथॉलॉजीत, मग औषधांच्या विषयात. दर खेपेला जुनं आपसूक घोटलं जायचं. आता हृदयाचा ब्लॉक, म्हणजे त्या एका अवयवाचा सलग अभ्यास, एकदाच येतो, सगळे विषय एकत्र घेऊन, आणि परीक्षा संपली की लगेच मूत्रपिंड. विसरलेलं पुन्हा समोर आणायचं काम आता तुमचं.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. म्हणून लेक्चर झालं की त्याच रात्री पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहा. मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, आणि पुढचा ब्लॉक ऐन भरात असताना पुन्हा एकदा. अँकीसारखं प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप हे अंतर स्वतः सांभाळतं. फक्त विषय समजायच्या आधी हजारो कार्डांचा तयार डेक उघडू नका, रोजची साचलेली कार्डंच उरावर बसतात.

विषय एकत्र शिकवले तरी ते डोक्यात आपोआप जुळत नाहीत. त्यासाठी एक पेशंट समोर ठेवायचा. समजा छातीत दुखतंय, नाडी मंद आहे, ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये आलेखाचा एसटी हा भाग उचललेला आहे, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आलाय. बहुतेकांत या भिंतीला आणि एव्ही नोडला (ठोक्याचा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचवणाऱ्या गाठीला) उजवी कोरोनरी धमनी रक्त पुरवते, म्हणून नाडी मंदावते. झटक्यात उजवं वेंट्रिकलही (खालचा उजवा कप्पा) सापडलं असेल तर छातीत दुखण्यावर देतात त्या नायट्रोग्लिसरीनने रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो, कारण शिरा सैलावून हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि ते वेंट्रिकल त्या रक्तावरच तगून असतं. एवढ्याशा केसमध्ये चार विषय आले! दर आठवड्याला अशी एक केस मित्रांसमोर फळ्यावर मांडा. कुठे अडखळता ते बघा, तेवढंच पुन्हा वाचा.

प्रत्येक विषयाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला वेळ मिळणार नाही. ते संदर्भापुरतं ठेवा. झोप मात्र अजिबात कापू नका, वाचलेलं पक्कं व्हायला ती लागतेच.

आणि मागे पडलात तर ब्लॉक संपायची वाट न बघता शिक्षकांना गाठा. नवा अभ्यासक्रम त्यांनाही नवाच असतो. कोणता भाग घाईत गेला हे वेळेत कळलं, तर त्यांना तो पुन्हा घेता येतो.